बरी झाले, असं मी सांगितलं होतं

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि उजवीकडे वरच्या बाजूला दिसणाऱ्या पांढुरक्या डागावर पेनाचं टोपण टेकवलं. "हा ट्युबरक्युलॉसिस आहे," त्या म्हणाल्या. ट्युबरक्युलॉसिस म्हणजे क्षय. मी न्यूमोनिया असेल अशी मनाची तयारी करून नगरच्या दवाखान्यात आले होते.

"औषध आहे. पण दीड वर्ष एकही दिवस चुकवायचा नाही. तीन महिन्यांत तुम्हाला बरं वाटायला लागेल. खरा धोका तेव्हाच असतो," असं त्यांनी सांगितलं. पहिली वाक्यं मी ऐकली. शेवटचं कानावरून गेलं.

त्या वेळी मी तेहतीस वर्षांची होते. शेवगाव तालुक्यातल्या एका गावात ख्रिस्ती शाळेत शिकवत होते. माझे पती भास्करराव एस.टी.त कंडक्टर. आम्हाला दोन मुली. माझी थोरली मावशी क्षयानेच गेली होती. तिची वाकळ आणि भांडी गावाबाहेर नेऊन जाळलेली मी लहानपणी पाहिली होती. त्यामुळे मला माझ्या मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की मुलींना माझ्यामुळे काही होईल.

सहा आठवडे वॉर्डात काढले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्यानं कानात गुणगुण होते आणि चालताना तोल जातो. शिवाय पीएएसच्या मोठ्या गोळ्या. त्या जंतूंची वाढ रोखतात, पण पोट असं ढवळतात की जेवणाचा वास नको होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर सालोमी होती. आमच्या गावापासून दोन कोसांवरची, पंचविशीची. तिचा नवरा याकोब दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. तिला वाचता येत नव्हतं. कोणती गोळी सकाळी, कोणती संध्याकाळी, हे मी तिला पाकिटावर खुणा करून शिकवलं. ती ते इतकं मन लावून शिकली की नर्सबाई तिला मॉनिटर म्हणायच्या. आम्ही दोघी एकाच आठवड्यात घरी आलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. तिसऱ्या महिन्यात ताप गेला, वजन वाढलं, मी शाळेत जाऊ लागले. आणि त्याच उन्हाळ्यात एक फिरता प्रचारक आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, आला.

त्याला सगळे भाऊ म्हणत. कुठून आला, कोणत्या मंडळीचा, कुणी विचारलं नाही. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, माणसं आशेचा शब्द ऐकायला आसुसलेली. त्याचा गळा गोड होता. प्रार्थना करताना तो रडायचा. आमच्या वृद्ध धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, त्याला आनंदानं चर्चशेजारी मंडप घालू दिला. पहिले काही दिवस तो आम्ही नेहमी ऐकतो तेच बोलला. म्हणून पुढे तो वेगळंच बोलायला लागला ते आमच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या की पाचव्या सभेत त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगभर ऊब पसरल्यासारखं वाटलं, हे मी नाकारत नाही. मग तो हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बहिणी, तू बरी झालीस. आता गोळी घेशील तर प्रभूला खोटं ठरवशील. आणि तुझा अविश्वास तुझ्या लेकरांच्या अंगावर जाईल."

मी शिकलेली बाई. पण त्या वाक्यानं माझं शिक्षण कुठल्या कुठे गेलं. पुष्कळांना वाटतं की मी श्रद्धेपोटी औषध सोडलं. तसं नाही. मी घाबरून सोडलं. घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट परसातल्या चुलीत घातलं. भास्कररावांनी विरोध केला तेव्हा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गोळ्या थांबल्या आणि मळमळ थांबली. भूक लागू लागली. हे औषध बंद झाल्याचं सुख होतं. मला तो चमत्कार वाटला. पुढच्या रविवारी भाऊंनी मला मंडपात उभं करून साक्ष द्यायला लावली. मी सांगितलं, मी बरी झाले, मला औषधाची गरज उरली नाही. बायका रडत होत्या. पुढच्या रांगेत सालोमी बसली होती.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "बाई, गोळ्यांचं मला तुमीच शिकवलं. आता तुमीच म्हनता नको, मंग मी कशाला घिऊ?"

मी तिचा हात हातात घेऊन हसले. तेच माझं उत्तर झालं.

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळचा ताप परत आला. मी भाऊंना विचारलं. तो म्हणाला, हा ताप खरा नाही, सैतानाचा भास आहे, मोठ्यानं 'मी बरी आहे' म्हणत राहा. पाळकसाहेबांना मात्र सांगू नको, त्यांना आत्म्याच्या गोष्टी कळत नाहीत. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. जे खरं आहे ते पाळकांपासून, नवऱ्यापासून, डॉक्टरांपासून लपवायला कशाला लागेल? पण मी कोठीच्या खोलीत जाऊन, तोंडात पदर कोंबून खोकू लागले. मुली बाहेरून विचारायच्या, आई काय करतेस? मी म्हणायचे, धान्य पाखडतेय.

एका सकाळी तिसरीच्या वर्गात फळ्यावर बेरजा लिहिताना खोकला आला आणि तोंडातून रक्त आलं. डॉक्टर याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे फुप्फुसातून येणारं रक्त. मी रुमालानं फळा पुसायला गेले, कारण त्यावर थेंब उडाले होते. त्याच रुमालाला रक्त होतं. फळा आणखी माखला.

भास्कररावांनी त्याच दिवशी मला नगरला नेलं. बाहेरच्या बाकावर मला सगळ्यात जास्त भीती डॉक्टरीणबाईंच्या रागाची वाटत होती. त्या रागावल्या नाहीत. शेवटची गोळी कधी घेतली एवढंच विचारलं. सहा महिन्यांपूर्वी, मी म्हटलं. त्यांनी लिहायचं थांबवलं.

मग त्यांनी रेझिस्टन्स हा शब्द सांगितला. म्हणजे औषध अर्धवट टाकलं की जे जंतू उरतात त्यांच्यावर तेच औषध पुन्हा चालेलच असं नाही. थुंकी तपासायला पाठवली. निकालाला कित्येक आठवडे लागणार होते. ते आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक पावलाचा आवाज मला निकालाचा वाटायचा.

पाळकसाहेब भेटायला आले. बोल लावतील या अपेक्षेनं मी तोंड भिंतीकडे केलं. ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मी त्याला मंडप दिला. आधी कुठे होतास, तिथले लोक तुझ्याबद्दल काय सांगतात, एवढंही विचारलं नाही. ही चूक माझी आहे."

माझ्या रक्ताचं कळताच त्यांनी भाऊंना मंडळीच्या ज्येष्ठ पंचांपुढे बसून शिकवणीचा खुलासा करायला बोलावलं होतं. देवाच्या माणसाची परीक्षा घेणाऱ्यावर शाप येतो, असं सांगून तो आठ दिवसांत कोपरगावच्या बाजूला निघून गेला. औषध घेणं अविश्वास आहे का, असं मी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, बायबलातलं शुभवर्तमान, येशूचं चरित्र, लिहिणाऱ्यांपैकी एक जण स्वतः वैद्य होता, हे त्या माणसानं तुम्हाला कधी सांगितलं का?

तेव्हा मला सालोमी आठवली. मी उठून बसले. तिनंही माझं ऐकून गोळ्या सोडल्या असतील, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या गावी गेले आणि तिला व याकोबला घेऊन आले. तिला याकोबनं उचलून आणलं होतं. मी तिला पटकन ओळखलंच नाही. ती मला पाहून हसली. म्हणाली, "बाई, मी रोज म्हनत हुते, मी बरी हाय, मी बरी हाय. लई म्हनले."

डॉक्टरीणबाईंनी होतं ते सगळं केलं. सालोमी एकोणीस दिवस जगली. एका दुपारी, जेवणाच्या गाड्या फिरत असताना, गेली. तिनं मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

माझा निकाल आला. एक औषध निकामी झालं होतं, बाकीची चालणार होती. पुढे पावणेदोन वर्षं मी नव्या गोळ्या घेतल्या. त्या पहिल्यांपेक्षा वाईट होत्या. इंजेक्शनांमुळे उजव्या कानानं मला आता जवळजवळ ऐकू येत नाही. मुली तपासल्या, त्यांना काही झालं नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर मी पाळकसाहेबांकडे एकच मागणी केली. जिथे साक्ष दिली त्याच लोकांपुढे ती मला परत घ्यायची होती. रविवारी मी उभी राहिले. मी सांगितलं, मी बरी झाले नव्हते, मी खोटं बोलले, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून एक बाई गेली. दोघी-तिघी उठून बाहेर निघून गेल्या.

याकोब मागे, दाराशी बसला होता. उपासना संपल्यावर तो पुढे आला. मला वाटलं, आता तो बोलेल आणि मला ऐकून घ्यावं लागेल.

"बाई, ह्ये आमच्या गावात बी यिऊन सांगा," तो म्हणाला. "तितं आजून तिघं जन गोळ्या घेत न्हाईत."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. दोघांनी ऐकलं आणि त्याच आठवड्यात नगरला आले. तिसऱ्यानं दार लावून घेतलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आज असाच कुणी सांगत असेल की डॉक्टरांना सोड, पाळकांना सांगू नकोस, शंका घेतलीस तर तुझ्या लेकरांना भोगावं लागेल, तर त्यानं तुमच्या भीतीला हात घातला आहे हे ओळखा. त्याला चारचौघांत प्रश्न विचारा. तो चिडतो का ते पाहा. मी विचारला नाही.

डॉक्टरीणबाईंची, पाळकसाहेबांची, माझ्या नवऱ्याची मी ऋणी आहे. पण रोज प्रार्थनेत पहिलं नाव याकोबचं येतं. ज्या माणसाचं मी सर्वांत जास्त नुकसान केलं, त्यानंच मला पुन्हा खरं बोलायला बरोबर नेलं.