मिस्त्रींचं गंगाळ

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर ते साठवायला भांडंही आहे. भंडाऱ्याहून कारध्याकडे निघालं की पुलाच्या अलीकडे रामटेके मिस्त्रींचं गॅरेज लागतं. दाराशीच एक मोठं पितळी गंगाळ ठेवलेलं आहे. त्यात पाणी नसतं. त्यात असतो आम्ही ऑनलाइन फसून घेतलेला माल.

नियम साधा आहे. जुन्या गाडीचा पार्ट ओरिजनल म्हणून मागवला आणि डुप्लिकेट निघाला, की तो स्वतःच्या हाताने गंगाळात टाकायचा आणि सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. विकणाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत. "त्यानं फोटो टाकला, तुमी बटन दाबलं. आता बोंबलता कायले?" असं मिस्त्री विचारतात.

आम्ही चौघे. मिस्त्री स्वतः, वसंतभाऊ, प्रभाकर बांते आणि मी. वसंतभाऊंचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे, गंगाळ त्यांनीच दिलेलं. प्रभाकर मोहाडीला तहसील कचेरीत नोकरीला. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, म्हणून रिटायर होऊनही सगळ्यांचा सर.

हा उद्योग सुरू झाला तो प्रभाकरच्या बाबूजींच्या अॅम्बेसेडरमुळे. बाबूजींनी तीस वर्षं भंडारा-मोहाडी टॅक्सी चालवली. मग गुडघे गेले आणि गाडी कारध्याला घरामागे ताडपत्रीखाली उभी राहिली. गेल्या वर्षी प्रभाकरची आई गेली, तेव्हापासून बाबूजींचं बोलणंच आटलं. विचारलं तर हो-नाही, एवढंच. प्रभाकरच्या मनाने घेतलं की गाडी पहिल्यासारखी करायची, बाबूजींना स्टिअरिंगवर बसवायचं आणि त्यांच्या तोंडून एकदा 'माही गाडी' ऐकायचं. "बस, एवढंच पाहिजे मले," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आम्ही तिघांनी उगाच बॉनेटमध्ये डोकं घातलं.

बाबूजींना सांगितलं, गाडी रंगाला नेली आहे. बाकी सरप्राइज.

पहिल्याच दिवशी मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरले. हॉर्न काढला. दाराची हँडलं काढली. बॉनेटवरचं चिन्ह काढलं. "सारा डुप्लिकेट माल. कोनं लावला का मालूम," म्हणत त्यांनी एकेक वस्तू गंगाळात टाकली. गंगाळाचं उद्घाटन झालं ते असं.

* * *

बॉनेटवरच्या चिन्हापासून सुरुवात केली. दिल्लीकडच्या एका विक्रेत्याची जाहिरात होती. फोटो असे झकास की पाहतच राहावं. खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के ओरिजनल, आजोबांच्या कपाटातून.'

वसंतभाऊ म्हणाले, "फोटोवर काय जाता? धातूले बोलवा ना."

त्यांची पद्धत अशी. जुनं चिन्ह अस्सल पितळेचं, वरून मुलामा. आजचं डुप्लिकेट हलक्या मिश्रधातूचं. टिचकी मारली की पितळ गातं आणि मिश्रधातू खोकतो. म्हणून विक्रेत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, चमच्याने जरा वाजवून दाखवा.

तो मोठा सज्जन. म्हणाला, एक मिनिट. फोन टेबलावर ठेवला, छत दिसायला लागलं, आणि आवाज आला. काय आवाज होता! बारीक, लांबलेला, देवळातल्यासारखा. प्रभाकर उठून उभाच राहिला. मी मान डोलावली. फिजिक्सच्या माणसाचं समाधान झालं.

वसंतभाऊ डोळे मिटून ऐकत होते. डोळे न उघडताच म्हणाले, "भाऊ, आता गिलास खाली ठेवा आन् चिन्ह वाजवा."

पलीकडून गिलास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"स्टीलचा आहे," वसंतभाऊ म्हणाले. "अर्धा पाण्यानं भरला आहे."

कॉल कट झाला.

* * *

पुढे हॉर्न. हा मागवला प्रभाकरने, आम्हाला न विचारता, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत. कारण खोका. हॉर्न त्या काळच्या मूळ खोक्यात होता. खोका पिवळा पडलेला, कोपरे झिजलेले, वर जुन्या ओलीचे डाग. असा खोका पाहिला की माणसाची बुद्धी जाते, हा माझा अनुभव आहे. आत काय आहे ते कोणी पाहतच नाही.

पार्सल आलं. प्रभाकरने ते दोन्ही हातांवर धरून प्रसादासारखं मिस्त्रींपुढे नेलं. मिस्त्रींनी हॉर्न बाजूला ठेवला आणि खोका नाकाला लावला. एकदा हुंगला, पुन्हा हुंगला, मग माझ्याकडे दिला. "सर, तुमी पाहा बरं."

मी वास घेतला. वास ओळखीचा होता, पण खोक्यात तो काय करत होता ते कळेना.

"इलायची," मिस्त्री म्हणाले. "नवा खोका चहात बुडवला आन् उन्हात वाळवला. घरचा चहा होता, इलायचीवाला."

प्रभाकरने गुमान हॉर्न गंगाळात टाकला. खोका मात्र मिस्त्रींनी ठेवून घेतला. म्हणाले, "याच्यात काहीतरी ओरिजनल आहे."

* * *

आता माझी पाळी. सांगायला लाज वाटते, पण नाही सांगितलं तर वसंतभाऊ सांगतील आणि तिखट-मीठ लावून सांगतील.

दारांची हँडलं मी शास्त्रीय पद्धतीने घ्यायची ठरवली. विक्रेत्याकडून सगळ्या बाजूंचे फोटो मागवले. स्क्रूची भोकं पाहिली, कारण खऱ्या वापरलेल्या हँडलच्या भोकाभोवती झीज असते. झीज होती. आतल्या बाजूचा पार्ट नंबर भिंगातून पाहिला. अक्षरं अगदी जुन्या वळणाची. वजन करून पाठवायला लावलं, तेही जमलं. फोटोतल्या हँडलवर तर पार्ट नंबरातल्या चारच्या आकड्याशेजारी बारीक पोचा होता. मी सगळ्यांना शिकवून मोकळा झालो की डुप्लिकेट करणारा पोचा कशाला पाडेल? पोचा हीच अस्सलपणाची खूण. दोन हँडलं मागवली.

आली. मिस्त्रींनी एक डाव्या हातात घेतलं, एक उजव्या. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले.

"सर, दोघाइलेही पोचा आहे."

"जुनी आहेत ना," मी म्हणालो.

"एकाच जागी आहे. चार नंबरच्या बाजूले."

मी भिंग काढलं. पोचा तोच, झीज तीच, ओरखडाही तोच. कोणीतरी एक जुनं हँडल साच्यात दाबून त्याच्या दुखण्यासकट कितीतरी पोरं काढली होती.

मी पोहे मागवले. मिस्त्री खाता खाता म्हणाले, "सर, तुमी शिकवलेली पोरं पास झाली ना?"

* * *

शेवटी हळूहळू खूण कळली, आणि ती पार्टची नव्हतीच. जो 'शंभर टक्के ओरिजनल' लिहितो त्याच्या वाटेला जायचं नाही. जो अंधुक फोटो टाकतो, फोटोत स्वतःचा अंगठा येऊ देतो आणि खाली लिहितो, 'कशाचं आहे माहीत नाही, घरात जागा अडवते,' त्याला ताबडतोब फोन करायचा.

अशाच एका बाईंकडून खरं चिन्ह मिळालं. त्यांनी ते कागद उडू नयेत म्हणून वापरलं होतं. मुलामा जागोजागी उडालेला, खालचं पितळ काळवंडलेलं, पण वसंतभाऊंनी टिचकी मारली आणि ते गायलं. वसंतभाऊंना इतका आनंद झाला की "आजची रात माह्या घरी राहू द्या," म्हणून घेऊनच गेले.

सकाळी घेऊन आले तेव्हा आम्हाला ओळखू येईना. चिन्ह दिवाळीच्या पितळी गडव्यासारखं लखलखत होतं. उरलासुरला मुलामा गेला होता, काळवंडलेपण गेलं होतं, इतक्या वर्षांचं वय एका रात्रीत गेलं होतं.

"काय केलं भाऊ?" मिस्त्रींनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. चिंच लावली, घासलं," वसंतभाऊ म्हणाले. "काळं पितळ घरात कसं ठेवाव?"

त्याच दुपारी नागपूरचे एक मोठे शौकीन गॅरेजवर आले होते. जुन्या गाड्यांतलं त्यांना फार कळतं. सगळी गाडी पाहून त्यांनी बॉनेटवर बोट ठेवलं. "बाकी छान जमलंय, पण हे डुप्लिकेट बदलून टाका."

वसंतभाऊ चार दिवस गॅरेजवर आले नाहीत.

* * *

मधूनमधून प्रभाकर बाबूजींना स्कूटरवर बसवून गॅरेजवर आणायचा, हवापालट म्हणून. गाडीची नंबर प्लेट रंगासाठी काढलेली होती. पण तीस वर्षांची गाडी ओळखायला प्लेट कशाला लागते, असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिल्यांदा आणलं तेव्हा बाबूजी काठी टेकत गाडीभोवती फिरले. म्हणाले, "चांगली गाडी हाये. कोनाची हाये?"

"एका गिऱ्हाइकाची," प्रभाकर म्हणाला.

दुसऱ्यांदा आणलं तेव्हा खरा हॉर्न बसला होता, खरी हँडलंही मिळाली होती. मिस्त्रींनी मुद्दाम हॉर्न वाजवून दाखवला. भारदस्त, गोड आवाज. बाबूजी कौतुकाने ऐकत राहिले. "मस्त हाये. कोनाची हाये बाप्पा गाडी?"

त्या दिवशी प्रभाकरने चहा घेतला नाही. बाबूजींची आठवण जाऊन राहिली, असं त्याने मनाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना डॉक्टरकडे नेलं. सोबत मी होतो.

डॉक्टर तरुण, पुण्याकडून नवीनच आलेले. त्यांनी प्रेमाने विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"मोहाडीचा बाजार."

डॉक्टरांनी प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकर म्हणाला, "बरोबर आहे."

"बरं, इथून मोहाडीला जायला किती वेळ लागतो?"

बाबूजींनी थोडा विचार केला. "सीटा भरल्यावर निघते. निघाल्यावर अर्धा घंटा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. प्रभाकर मात्र बाहेर येऊन पायरीवर बसला. "सर, बाजार आठवते, सीटा आठवते. फक्त गाडी काहून नाही आठवत?" मला त्याचं फार वाईट वाटलं.

* * *

गाडी पूर्ण झाली त्या रविवारी सकाळी प्रभाकरने बाबूजींना नवं धोतर नेसवून आणलं. आम्ही गाडी दारात उभी केली होती. एकेक पार्ट खरा, फक्त नंबर प्लेट अजून पेंटरकडून यायची होती. चिन्हाचा मुलामा सोडला, तर कंपनीतून निघाली तेव्हा दिसत असेल तशी. वसंतभाऊंनी हार आणला होता, पण कोणाला घालायचा ते ठरलं नव्हतं.

बाबूजी सावकाश एक चक्कर मारून आले. हँडलवरून हात फिरवला. चिन्हाकडे पाहिलं.

"चांगली गाडी हाये," बाबूजी म्हणाले. मग प्रभाकरकडे वळून, "आन् आपली कुठी हाये? रंग नाही झाला का अजून?"

प्रभाकरला राहवलं नाही. तो त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "बाबूजी, हेच तर तुमची आहे. तुमची गाडी नाही ओळखत का तुमी?"

बाबूजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की काळजी आता त्यांना वाटायला लागली असावी. "माही कशी राहीन? माह्या गाडीले असा हॉर्न कधी होता? असे हँडल कधी होते? टॅक्सी होती ते. रोज चार चकरा. ओरिजनल लावून टॅक्सी कोन चालवते? सारा डुप्लिकेट माल होता माह्या गाडीत. माह्या हातानं लावला होता मी."

मिस्त्री गंगाळाकडे पाहत होते. मग आम्हीही पाहायला लागलो.

बाबूजींनीही आमच्या नजरेमागे पाहिलं. काठी टेकत तिथे गेले, वाकता येईना म्हणून मिस्त्रींनी स्टूल दिलं. त्यावर बसून त्यांनी गंगाळात हात घातला. माझी जुळी हँडलं काढून बाजूला ठेवली. प्रभाकरचा इलायचीवाला हॉर्न बाजूला ठेवला. अगदी तळाशी हात गेला आणि दुसरा हॉर्न बाहेर आला. त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. बाबूजींनी तारेचे वेढे अंगठ्याने मोजले. मग धोतराच्या सोग्याने हॉर्न पुसला.

"हा," ते म्हणाले.

मिस्त्री गेले, पाना आणला, भारी हॉर्न उतरवला आणि तारवाला बसवला. गंगाळाच्या तळातली जुनी हँडलंही बसवली. चिन्ह बदलताना वसंतभाऊंनी स्वतः पकड धरली.

मग बाबूजींनी दार उघडलं. आमचा हात झटकून स्टिअरिंगवर बसले. आरसा हलवून नीट केला. हॉर्न दाबला. फाटका, घोगरा आवाज निघाला आणि समोरच्या टपरीवरची दोनचार माणसं वळून पाहायला लागली.

बाबूजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वर्षभरात आम्ही त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

"मोहाडी, मोहाडी, मोहाडी! चला, निघाली!"

वसंतभाऊ हातातला हार विसरून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागे मी, मिस्त्री आणि प्रभाकर. प्रभाकर रडत होता आणि रुमाल सापडत नव्हता. गाडी भरली होती. तरी ती निघेना.

बाबूजींनी आरशातून मागे पाहिलं.

"सरका थोडं," ते म्हणाले, "अजून एक बसते."