उंटाला नाव होतं

बाबा गेल्यापासून पितृपक्षातला घरचा म्हाळ मीच घालतो. निखाऱ्यावरच्या लोबानाचा वास आला, की कणकवलीच्या कॉलेजातलं दोन हजार चारच्या सुमाराचं ते व्याख्यान आठवतं आणि माझं डोकं तापतं.

विषय होता अरबस्तानात संशोधन करत फिरलेला एक इंग्रज राजदूत. पडद्यावर फोटो आला. त्यात साहेब, उंट आणि डोक्यावर दगडांच्या नमुन्यांची पेटी घेतलेला, मालवणातून गलबताने तिकडे गेलेला आमचा पणजोबा. तोच फोटो आमच्या माजघरात होता. व्याख्याते कौतुकाने म्हणाले, "साहेब, त्यांचा लाडका उंट सुलतान आणि एक नोकर."

माझ्या शेजारी बसलेले बाबा ताडकन उठले. "उंटाक नाव आसा, नि माझ्या आज्याक नाय?"

ते नाव सांगणार, तोच सगळं सभागृह हसलं.

तेव्हा मला हसणाऱ्यांचा राग आला होता. आता त्या साहेबाचा येतो. वाळवंटातल्या दगडादगडाला नाव देणारा हा माणूस पेटी वाहणाऱ्याला हाक तरी काय मारत होता?

"पणजोबांचं नाव?" म्हाळाच्या वेळी भटजी विचारतात.

"भिवा!" मी ओरडतो.

"अरे, हळू. पितरांना ऐकू येतं."

"मी पितरांका खंय, त्या सायबाक सांगतंय!"