पितळी टोकांची पट्टी

शाळा बांधायला विटा लागतात, सिमेंट लागतं, हे खरं. पण आमच्या डिंडोलीतल्या शाळेला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर संशय. सकाळी पोरं वर्गात गेली की आम्ही पालक फाटकाशी थांबायचो आणि ज्याला जो संशय आला असेल तो तिथं मोकळा करायचा. तिथून घरी जाताना माणूस रिकाम्या हातानं कधी गेला नाही, एखादा तरी किस्सा घेऊनच गेला.

मी स्वतः फार बोलणारा माणूस नाही. चौथीपर्यंत शिकलो, मग खानदेशातून सुरतेला, या डिंडोलीत आलो आणि सगळा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात गेला. तिथं बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे बोलायची सवय सुटली, समोरच्याचे ओठ वाचायची तेवढी राहिली.

आमची मराठी शाळा एका गोडाऊनच्या वर, भाड्याच्या खोल्यांत भरायची. वर्ग सातवीपर्यंत. माझी नात पूर्वा सातवीत होती. तिचे आईबाप दोघं कडोदऱ्याला कामाला, म्हणून शाळेच्या कागदावर पालक म्हणून सही माझी. नवी इमारत झाली आणि खोल्या नकाशातल्या मापाच्या भरल्या, तरच आठवीची परवानगी मिळणार होती. नाही तर पोरींना आठवीसाठी दोन बस बदलून लांब जावं लागणार. सुनेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आबा, दोन बस बदलून मी पोरीला पाठवणार नाही. घरी बसली तरी चालेल."

म्हणून मी त्या बांधकामावर डोळा ठेवून होतो. पोर घरी बसलेली चालेल, असं मला वाटत नव्हतं.

*

पहिल्या सभेला शाळेचे अध्यक्ष सुपडू नाना उभे राहिले. नानांचं किराणा दुकान आहे. ते म्हणाले, "प्रत्येकानं आपापल्या शक्तीप्रमाणे वर्गणी द्यावी."

मग माझ्या जुन्या कारखान्यातला, माझ्या शेजारच्या लूमवरचा धुडकू उठला. त्याची मुलगीही पूर्वाच्याच वर्गात. तो म्हणाला, "नाना, पैसा देणार नाही. पैशाला तोंड नसतं, कुठं गेला ते सांगत नाही. मी विटा देईन."

लोकांना हे पटलं. दुसऱ्या रविवारी शाळेच्या जागेवर विटांचे ढीग पडले. आता आपली वीट याच भिंतीत लागली, दुसरीकडे गेली नाही, हे ओळखायचं कसं? आमच्या कारखान्यात कापडाचा ताका उतरला की कारीगर त्याच्या टोकाला आपल्या लूमचा नंबर लिहितो. आम्हाला तेवढीच विद्या येत होती. प्रत्येकानं ब्रश घेतला आणि प्रत्येक विटेवर आपल्या लूमचा नंबर टाकला.

भिंत चढायला लागली तशी संध्याकाळी मंडळी आपापले नंबर शोधायला यायची. "माझी अकरा नंबरची खिडकीखाली आहे." "माझ्या चौदाच्या सगळ्या मागच्या बाजूला का घातल्या?"

गोंधळ झाला तो प्लास्टरच्या दिवशी. धुडकूनं मिस्त्रीचा हात धरला. "प्लास्टर केलं तर आम्हाला नंबर दिसणार कसा?"

मिस्त्री उत्तर प्रदेशचा, शांत माणूस. त्यानं थापी खाली ठेवली आणि म्हणाला, "तो भैया, स्कूल बनाना है कि हाज़िरी लेनी है?"

*

संशयाच्या बाबतीत मी दुसऱ्यांना हसतो, पण माझा किस्सा सगळ्यांहून जुना आहे.

पूर्वा पहिलीत गेली तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी एक लाकडी मीटरपट्टी आहे, दोन्ही टोकांना पितळ लावलेली. कारखान्यात ताके मोजायला होती. मोजायचं मशीन आलं तेव्हा शेठनं ती भंगारात काढली आणि मी मागून घेतली. एकवीस वर्षं माझं कापड तिनं मोजलं होतं, टाकून द्यायला जीव झाला नाही. मी ती दाराच्या चौकटीला टेकवायचो आणि पूर्वाला तिच्याजवळ उभं करायचो. तिचं डोकं अजून वरच्या पितळेला लागत नव्हतं. मी म्हणायचो, "मीटरभर झालीस की तुला जिलेबी."

आणि शाळेच्या कार्डावर मुख्याध्यापिका कुंदाबाईंनी तिची उंची लिहून पाठवली, एक मीटर सहा सेंटीमीटर.

मी कार्ड घेऊन शाळेत गेलो. बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, पोरांची उंची वाढवून लिहावी लागते का? म्हणजे वरून काही दट्ट्या असतो का?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आप्पा, उंची कोण वाढवून लिहील?"

मी मान डोलावली आणि घरी आलो. मनात म्हटलं, बाई चांगल्या आहेत, पण नोकरी आहे बिचारीची. शाळेच्या खिचडीनं पोरं वाढतात असं दाखवावं लागत असेल.

जिलेबी मी चार महिने उशिरा आणली.

*

सिमेंटचा किस्सा सुपडू नानांच्या नशिबी होता.

पन्नास पोती आली आणि दुसऱ्या दिवशी जागेवरून गेली. धुडकूनं शोध लावला की पोती नानांच्या घरात आहेत. झालं. फाटकाशी एकच चर्चा, नाना वरचा मजला चढवणार. कुणी म्हणालं त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली पाहिजेच. कुणी तर सांगितलं, मी स्वतः त्यांच्या गच्चीवर वाळू बघितली. ती वाळू नव्हती, वाळत घातलेली ज्वारी होती, हे नंतर कळलं.

आम्ही सहा जण भर दुपारी नानांच्या घरी गेलो. नाना दुकानात होते. ओसरीत काकू, नानांची बायको, पोळ्या करत होत्या. शेगडी ओसरीत, डबे ओसरीत, खाटही ओसरीत.

धुडकू म्हणाला, "काकू, पोती बघायची होती."

काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. "बघा. आत आहेत."

आतल्या एकुलत्या खोलीत जमिनीपासून माळ्यापर्यंत सिमेंट. माणूस आडवासुद्धा शिरत नव्हता. जागेवर पत्रा गळत होता म्हणून नानांनी पोती घरात आणली होती आणि घर ओसरीत.

"मोजा नीट," काकू म्हणाल्या. "आणि मोजून झाली की घेऊन जा. महिना झाला, मला माझं कपाट दिसलेलं नाही."

आम्ही मोजली नाहीत. धुडकूनं मात्र बाहेर येताना बोटांनी काहीतरी केलं, ते मी पाहिलं.

"भरली का?" मी विचारलं.

"भरली," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

*

आता पायाचा किस्सा, भिंती चढायच्या आधीचा. हा सांगताना मला अजून खाली बघावं लागतं.

दोन खोल्यांचा पाया भरून झाला. नकाशात प्रत्येक खोली सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब, म्हणजे दोन्ही मिळून लांबी सोळा मीटर. तपासणी याच मापाची होणार होती आणि पूर्वाची आठवी याच मापावर होती. मला झोप लागेना. सकाळी मी घरातली पट्टी उचलली आणि धुडकूला घेऊन गेलो.

पट्टी मी टाकत होतो, खडूची खूण तो करत होता. आम्हाला मोजायला शिकवावं लागत नाही. बारा, तेरा, चौदा. पंधरावी पट्टी पडली आणि पाया संपला.

पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा.

"एक मीटर खाल्ला," धुडकू म्हणाला.

तासाभरात चाळीस-पन्नास पालक जमले. नानांना दुकानातून आणलं. बायका म्हणत होत्या, पोरींच्या तोंडातली आठवी काढून घेतली. नाना म्हणत होते, "अरे, मी मिस्त्रीसमोर उभा राहून आखणी केलीय." कुणी ऐकत नव्हतं. मी पुढं झालो, पट्टी दाखवली आणि म्हणालो, "नाना, मी खोटं बोलेन, ही बोलणार नाही."

मी इतक्या लोकांत कधी बोलत नाही. म्हणून ते सगळ्यांना खरं वाटलं.

कुंदाबाई शेजारच्या गोडाऊनवरच्या शाळेतून खाली आल्या. त्यांच्या हातात शाळेची स्टीलची टेप होती. त्यांनी काही न बोलता तिचं एक टोक मिस्त्रीला दिलं. सोळा मीटर. बोटभर जास्तच.

मग बाईंनी ती टेप माझ्या पट्टीला लावली.

पट्टी मीटरपेक्षा चार बोटं मोठी होती. एकशे सात सेंटीमीटर.

त्या घोळक्यात निम्मे लोक आमच्याच कारखान्यातले. मीटरमागे मजुरी घेतलेले. सगळ्यांचे ताके त्या पट्टीनं मोजलेले. धुडकूनं पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, जणू दुसऱ्या बाजूनं ती बरोबर भरेल.

"एकवीस वर्षं," तो म्हणाला. एवढंच.

मी नानांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला वर उचललं. म्हणाले, "असू दे आप्पा. माझंही कापड तिनंच मोजलंय. दुकान टाकायच्या आधी मी तिथंच होतो."

त्या संध्याकाळी मी पूर्वाला जिलेबी आणली. ती म्हणाली, "आबा, आज काय आहे?" मी म्हटलं, "तुझी चार महिन्यांची बाकी होती."

*

पाया खरा निघाला, त्यावर दोन खोल्याही उभ्या राहिल्या, पण तिसऱ्या, म्हणजे आठवीच्या खोलीला लोकांजवळ काही उरलं नव्हतं. तेव्हा नाना आणि मी आमच्या शेठकडे गेलो. शेठ आता म्हातारे झालेत. आमच्यासारख्यांशी बोलून बोलून त्यांना मोडकं मराठी येतं.

पट्टीचा विषय मी काढला नाही. नानांनीही नाही. आम्ही फक्त खोली मागितली.

शेठनं आम्हाला चहा दिला, पण नजर संशयाचीच होती. "रोकडा नाय देणार. शाळेच्या नावावर लोक लय खातात. रूम मी देतो, पाया ते स्लॅब. माल लागेल तसा बिल मुनीमला पाठव. पण सहा मीटर, आठ मीटर. मापमध्ये गडबड नाय चालणार."

मी कप खाली ठेवला. मला बोलायला वेळ लागतो. मग विचारलं, "शेठ, माप कोणतं धरू?"

शेठ हसले. "अरे आप्पा, एवढी वरस माझ्याकडे काम केला. माझा माप विसरला काय?"

"नाही शेठ," मी म्हणालो. "विसरलो नाही."

आखणीच्या दिवशी मिस्त्रीनं टेप काढली. मी म्हटलं, ती ठेव, आणि पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, धुडकूकडे पाहिलं, आणि टेप खिशात घातली. पुढं मुनीमजींनी एकदा विचारलं, विटा जरा जास्त लागतायत का? मी म्हटलं, माप शेठनं सांगितलंय तेच आहे.

उद्घाटनाला शेठ पांढऱ्या कपड्यांत आले. नाव कोरलेल्या फरशीवरचा पडदा त्यांनी ओढला, नारळ फोडला आणि आठवीच्या वर्गात शिरले. पोरं उभी राहिली. पूर्वा सगळ्यात मागच्या बाकावर होती, ती उंच आहे म्हणून. शेजारच्या दोन खोल्यांत मागची ती ओळ बसत नाही.

शेठ दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले. परत आले. एकदा शेजारच्या वर्गात डोकावले.

"आप्पा, आ रूम मोटो केम लागे छे?" खोली मोठी का वाटते, हे त्यांनी आपल्या गुजरातीत विचारलं.

फळ्याच्या बाजूला खिळ्यावर पट्टी टांगलेली होती. मी ती काढून त्यांच्या हातात दिली. "शेठ, तुमच्या मापानंच बांधलीय. शंका असेल तर मोजून घ्या."

शेठनं पट्टी घेतली. पितळेच्या टोकावरून अंगठा फिरवला, या टोकाला, मग त्या टोकाला. मागं आमची मंडळी दारात दाटली होती. लूमवर असल्यासारखे सगळे त्यांचे ओठ बघत होते.

त्यांनी पट्टी पुन्हा खिळ्याला अडकवली, सरळ लटकतेय का ते पाहिलं, आणि म्हणाले,

"बराबर छे."