गेम कापणारा माणूस

"झाकण उघडतोय. बघून घ्या."

एवढं म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर हवेत धरून थांबायचा. गिऱ्हाईक रेडिओत, टीव्हीत डोकावून मान हलवेपर्यंत त्याचा हात पुढे जायचा नाही. कोणी घाईघाईनं "बघितलं, बघितलं" म्हणालं, की म्हणायचा, "तुम्ही माझ्याकडे बघताय. आत बघा."

असे दुरुस्तीवाले तुम्हीही पाहिले असतील. सरळ असतात, म्हणूनच फारसे आवडत नाहीत. सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं टपरीएवढं दुकान होतं. 'याच्याकडून स्क्रूसुद्धा बदलून येत नाही,' असं लोक म्हणायचे. तेवढ्या नावावर त्याचं घर चालायचं. ते नाव मी घालवलं.

आता नातवंडांपुढे मी शहाणी आजी म्हणून मिरवते. बेचाळिशीतली मी मात्र निराळंच प्रकरण होते. भाजीवाल्यानं काटा उचलला की मी काट्याखाली वाकून बघणार. दूध आलं की बोट बुडवणार. घरात मला सगळे घाबरतात याचा अभिमान वाटायचा. घाबरत नव्हते, कंटाळले होते, हे फार उशिरा कळलं.

त्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने उताणं पडून राहायचं. सायखेड्याच्या शेतात आयुष्य काढलेली बाई. नाशिकला आल्यावर तिला एकच नाद लागला होता, मुलांचा जुना टीव्हीवरचा व्हिडिओ गेम. दुपारी रणगाडे उडवायच्या. आता टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि त्या आतल्या. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एक दिवस छताकडे बघत म्हणाल्या, "सूनबाई, मेला तो डबा हिथं नाय का आनता येत?"

मी गेम पिशवीत घालून त्याच्याकडे नेला. म्हटलं, हा टीव्हीशिवाय, झोपून, हातात धरून खेळता आला पाहिजे.

त्यानं डबा उलटासुलटा केला. "असं कोणी करत नाही, वहिनी."

"म्हणजे तुम्हाला येत नाही."

"येतं की नाही ते केल्यावर कळेल. आजींसाठी करतो." मग स्क्रू ड्रायव्हर वर. "झाकण उघडतोय. बघून घ्या."

मी नुसतं बघितलं नाही. पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर, जिथे जागा दिसेल तिथे, ठिपके दिले. दुरुस्तीवाले चांगले पार्ट काढून घेतात, खूण केलेली बरी, असं ऑफिसातल्या बायकांनी शिकवलं होतं. तो बघत राहिला. "नखं राहिली तुमची," एवढंच बोलला.

पुढचे दहा दिवस मी रोज संध्याकाळी पहारा दिला. गाडीत टीव्ही म्हणून लावतात तसा वीतभर पडदा त्यानं कुठूनतरी मिळवला. खेळायच्या रिमोटची बटणं सोडवली. हे सगळं शिवणाच्या सामानाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवायचं होतं. वजन जास्त नको, आजींचे हात थरथरतात, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. मी म्हणायचे, "बोलू नका, काम करा."

अकराव्या दिवशी त्याच्या कचऱ्याच्या खोक्यात मला हिरव्या पट्टीचे तुकडे दिसले. त्यांवर माझे लाल ठिपके.

मग काय विचारता! मी ते तुकडे उचलून भर रस्त्यात उभी राहिले. "बघा हो बघा! आतला माल काढून घेतला! खुणेसकट सापडला!" माझा आवाज तेव्हा पार रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. लोक जमले.

तो दारात आला. "कापलीय. बदललेली नाही. कडेला नुसती रिकामी पट्टी असते, ती कापल्याशिवाय डब्यात बसत नाही."

"चोर असंच बोलणार!"

समोरच्या काकांनी त्यांचा टीव्ही न उघडताच परत नेला. त्यांच्यामागून मिक्सर गेला, टेपरेकॉर्डर गेला.

चार दिवसांनी त्यानं डबा आमच्या घरी आणून दिला. माझ्याकडे न बघता आत गेला, सासूबाईंच्या हातात ठेवला, बटणं दाखवली. छोट्या पडद्यावर रणगाडा हलला. सासूबाई दिवसभर पडल्या पडल्या तोफा सोडत होत्या. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. म्हणाल्या, "लय गुणाचं पोर हाय. त्याला एकदा जेवायला बोलाव."

मी हो म्हटलं. बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन, इकडेतिकडे बघून, हळूच म्हटलं, "चांगलं झालंय हो."

"'चोर' मोठ्यानं म्हणालात," तो म्हणाला, "आणि हे कानात?"

खरंच होतं. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच आवाजात 'माझं चुकलं' म्हणायचं होतं. जीभ हलली नाही. वर रागच आला मला, एवढं मनाला लावून घेतो म्हणून! घरी जाऊन मी भांडी आपटली.

सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. तो दिंडोरीला मेहुण्याकडे गेल्याचं कळलं. तिथे द्राक्षबागांवर फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. सासूबाई पुढे काठी घेऊन चालू लागल्या, आणि दोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत विचारायच्या, "आला व्हता का तो जेवायला?" मी म्हणायचे, "येणारे."

त्या गेल्यावर मी एकदा बसनं दिंडोरीला गेले. वाटभर वाक्य घोकलं. तो दारातल्या उजेडात, मांडीवर पंपाची मोटार घेऊन बसला होता. केस पिकले होते. आसपास चार-पाच शेतकरी आपापले पंप घेऊन उभे. म्हणजे ऐकायला माणसंही होती.

त्यानं वर बघितलं. ओळखलं, ते मला दिसलं.

"काय बिघडलंय, बाई?"

माझ्या तोंडून निघालं, "काही नाही."

"मग बाजूला व्हा," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.