तांबूला घेऊन आष्टीला

धावड्याहून निघालो तेव्हा वैशाख तापला होता. तांबूच्या पाठीवर लाल झूल (सणासुदीला जनावरांवर घालायचं भरतकामाचं जाड कापड), गळ्यात घुंगरमाळ, पायात काळा दोरा. मागं तिचं वासरू. वेशीपर्यंत चार माणसं आली, तीही मला नव्हे, गाईला बघायला. आंदणाची गाय आमच्यात अशीच निघते. ती उघड्या पाठीनं लेकीच्या सासरी गेली तर बापाचं नाव जातं.

तांबू माझ्या लेकीच्या, रुक्मिणच्या लग्नातच कबूल केली होती, पण तेव्हा ती कालवड होती. यंदा व्याली. तेवढ्यात आष्टीहून सांगावा आला. रुक्मिण बाळंत झाली, मुलगा झाला, पण तिला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. सासरची म्हैस भाकड. शेजारी वाटीभर घालतील त्यावर बाळ. माझी बायको असती तर लेक बाळंतपणाला माझ्याकडंच आली असती. ती आता न्हाई. मंग मीच निघालो. माझ्या नातवानं दुसऱ्याच्या वाटीवर जगावं हे मला बिलकुल मंजूर नव्हतं.

जालन्याहून परतूरपर्यंत रेल्वे आहे. पण लोखंडी डब्यात गाय कोंडायला जीव धजेना. पायीच जायचं ठरवलं.

केळणा नदी कोरडी होती. वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर (पाणी पाझरून साचतं तो खड्डा) एक बाई वाटीवाटीनं घागर भरत होती. तांबूनं तिकडं ओढ घेतली, तसा मी कासरा आवळला. तापल्या जनावराला पाणी पाजलं तर त्याचा ऊर भरतो, हे मला माझ्या बापानं सांगितलं आणि त्याला त्याच्या. बाई म्हणाली, गाय धापायली, पाजा की. मी म्हणालो, "तुमी तुमची घागर भरा."

भोकरदनला ओळखीच्या एकाच्या गोठ्यात थांबलो. भाकर आणि कैरीचा तक्कू खाल्ला. सकाळी धार काढायला बसलो. धारेचा आवाज आधी पातळ असतो, चरवी भरत आली की जाड होतो. जाणता माणूस डोळे मिटून सांगेल, दूध किती. धावड्याला चरवीवर फेस यायचा. त्या सकाळी आवाज शेवटपर्यंत पातळच राहिला. मला वाटलं, वेशीवरच्या चौघांत कुणाची तरी नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, दोरा बदलला आणि निघालो.

राजूरच्या पुढं झाड दिसेना. दोन्हीकडं काळी रानं भेगाळलेली, त्यांच्यावर हवा पाण्यासारखी हलत होती. तांबूची जीभ बाहेर आली होती. लाळेची तार भुईला टेकत होती. बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या चालल्या होत्या. एका बाभळीखाली ती उभी राहिली ती हलेना. रवंथ बंद. मुस्कटावर हात ठेवला. एरवी ते ओलं गार असतं, आज तापल्या खापरासारखं लागलं. ही वाटेत पडली तर आष्टीला काय घेऊन जाऊ?

कसंबसं जालना गाठलं. नाक्यावरचा शिपाई सावलीत बसला होता. तो म्हणाला, "चाचा, धुपकाले में गाय को रजई?" मी कासरा ओढून पुढं निघालो. त्याला आंदण काय कळणार.

मस्तगडला दुकानांच्या मागं माझी थोरली बहीण राहते, धोंडाक्का. तिनं मला ये म्हणायच्या आधी तांबूचं तोंड पाहिलं.

"झूल काढ, बापू."

"आंदणाची गाय हाय, अक्का. व्याह्याच्या दारात उघडी नेऊ?"

"दारात न्यायला ती जित्ती तर राह्यली पाहिजे."

मी न्हाई म्हणालो. मंग तिनंच झूल ओढून काढली आणि माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, ही घेऊन अंगणात बस. बसून राह्यलास तर गाईला परत घालू.

बसलो. भर दुपार होती. कापड जाड, वर भरत, खाली अस्तर. आधी पाठ तापली, मंग डोकं. घाम सुटला, पण वारा कुठून लागणार? कानात घूं घूं व्हायला लागलं. ओसरीवर भाची तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी मी पाणी मागितलं. धोंडाक्कानं तांब्या भरून आणला आणि माझा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवला.

"तापल्याला पाणी देऊ नये. ऊर भरतो. आपल्या बापाचं बोलणं हाय."

मी झूल टाकली आणि तांब्या उचलला. हरलो असं कुणी समजू नये. आष्टीला पोचायचं होतं. ऊर मात्र भरला नाही.

तांबू हौदाला लागली ती तोंड वर काढेना. कडुनिंबाच्या सावलीत बांधून पाठीवर ओलं गोणपाट टाकलं. दिवस मावळताना तिनं रवंथ सुरू केला. दूध मात्र चरवीचा तळ झाकण्यापुरतंच निघालं. धोंडाक्का म्हणाली, आता पहाटे चालायचं, ऊन चढलं की सावली धरायची, दिवस कलला की निघायचं.

बोलणं बराबर होतं. पण पुढच्या वाटेला दोन्हीकडून पेच होता. जल्दी करावी तर गाय कोरडी पोचणार. सावलीत थांबावं तर तिकडं बाळ उपाशी. दर दुपारी मी चिंचेखाली नाहीतर वडाखाली बसायचो आणि सावली सरकताना बघायचो.

परतूरच्या अलीकडं दुधनेकाठी आष्टीचा एक तेली भेटला. व्याह्याचं नाव सांगितलं तर म्हणाला, "त्यांच्या दारात काल बाया जमल्या होत्या. काय झालं ते इचारलं न्हाई, मला घाई होती."

तेली गेला. वर ऊन पेटलेलं. मी कासरा सोडला. पुन्हा बांधला. पुन्हा सोडला. तान्ह्या पोराच्या दारात बाया कशाला जमतात, हे म्हाताऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तांबू शांत रवंथ करत होती. तिच्या कासेकडं बघितलं आणि कासरा घट्ट बांधून खाली बसलो. एवढी लांब दुपार मी दुसरी काढली नाही.

आष्टीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात खरोखरच बाया होत्या. मंग दिसलं, ओट्यावर एकीच्या पदराखाली दोन इवले तळपाय हलत होते. विहीणबाईंनी सांगितलं, वाटीचं दूध बाळाला पचेना, म्हणून गल्लीतल्या लेकुरवाळ्या पाळीपाळीनं येऊन पाजतात. मी तांबूला खुंट्याला बांधलं.

व्याही पुढं आले. "पाव्हणं, आंदणाची गाय उघडीच?"

झूल माझ्या खांद्यावर होती. मी म्हणालो, "गाय आणली, झूल बी आणली. एकीवर एक घालून आणली असती तर नुसती झूलच पोचली असती."

पहिल्या दिवशी एक बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची वाटी) भरेल एवढंच दूध निघालं. विहीणबाईंनी त्यात पाणी घालून उकळलं. नातवानं घेतलं आणि पोटात ठेवलं, ओकला नाही. मी गोठ्यातच मुक्काम टाकला. गोणपाट वाळलं की भिजवायचं, पाण्याची घमेली रिकामी होऊ द्यायची नाही, चारा गार वेळेला. रुक्मिणचा तापही उतरत चालला होता. मंग एका सकाळी भिंतीपलीकडून बाजेवरून तिचा आवाज आला.

"आबा, आज धार जाड वाजली."

ती चरवी घेऊन मी पाजणाऱ्या बायांच्या दारोदार गेलो, वाटीवाटीनं घातलं. एकीनं घेतलं नाही. "आबा, आमी काय उसनं दिल्तं?" म्हणाली. मी तिच्या पोराच्या हातात वाटी दिली आणि निघालो.

विहीणबाईंनी झूल पाळण्यात घालू का म्हणून विचारलं. मी सांगितलं, थंडी पडल्यावर.

परतताना जालन्यापर्यंत रेल्वेनं आलो, तिथून पायी. माणूस बापाचं बोलणं डोक्यावर घेऊन चालतो. ते ओझं उतरवायला मला जालन्याचं एक अंगण लागलं, आणि तेवढ्यात गाय हातची जात होती.

केळणेच्या झिऱ्यावर तीच बाई होती. तोंडाला कोरड पडली होती, पण मागायला जीभ उचलेना. तिनं मला ओळखलं.

"तापून आलात, बाबा. पाजू का घागर भरू?"

मी वाळूत बसलो आणि ओंजळ पुढं केली.