सतरा इंची लॅपटॉपचा कौल

आमचा लॅपटॉप बदलायचा की नाही, हे शेवटी देवाला ठरवावं लागलं.

तसा मी शिकलेला माणूस. पणजीला ऑफिसात टेबल-खुर्ची आहे, टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे (स्वखर्चाने केलेली!). पण कोरगावच्या आमच्या घरात माझ्या शिक्षणाला जो मान आहे तो चपलांच्या वर नाही, दाराबाहेर काढून आत यायचं.

लॅपटॉप सतरा इंची होता. घेतला तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो, "घ्यायचा तर मोठाच घ्यायचा!" त्या ऐटीचं ओझं मग मी रोज बसमधून म्हापशाला आणि तिथून पणजीला नेत होतो. कंडक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, "मास्तर, पेटी खंय व्हरतां? भजन आसा?" मी म्हटलं, "लॅपटॉप तो." त्याने पिशवी उचलून पाहिली आणि माझ्याकडे फार दयेने बघितलं. पुढे तर शिंप्यानेसुद्धा शर्टाचं माप घेताना माझा खाली उतरलेला खांदा पाहून टेप खाली ठेवला. "दत्ताबाब, तुमचो उजवो खांदो सकयल देंवला. शर्ट खंयच्या खांद्याच्या मापान शिवूं?"

बरं, घरी आल्यावर तरी तो माझा असावा! छे! घरात शिरलो की आधी आई पुढे. पावसाळ्यात आंबोळीचं पीठ फुगत नाही, आणि लॅपटॉपच्या डाव्या कुशीतून गरम वारा येतो हा शोध तिने स्वतः लावला होता. पिठाचं पातेलं ती बरोबर तिथे नेऊन ठेवायची. मी कामाला बसलो की ती समाधानाने म्हणायची, "कर, कर, खूप काम कर. पीठ बरें येतलें."

आईचं झालं की बाबा. बाबांनी उभी हयात जत्रेच्या नाटकांत राजाची कामं केली. गुडघे गेले आणि राज्य गेलं! शेवटच्या नाटकाची कोणीतरी सीडी काढून दिली होती. ती आमच्या लॅपटॉपमध्ये कायमची मुक्कामाला होती. रोज संध्याकाळी बाबा सोप्यावर आपलं कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायचे आणि स्वतःला बघायचे. स्वतःच्या वाक्याला स्वतःच मान डोलवायचे. एखादी जागा फारच रंगली तर आईला हाक, "अगो, आयकलंय?" आई आतून न बघताच म्हणायची, "आयकलां! काल पण आयकल्लां!"

तर अशात म्हापशाच्या एका दुकानात मी तो धाकटा लॅपटॉप पाहिला. वहीएवढा! एका हाताने उचलला तर पाठीत कळ नाही, काही नाही. दुकानदार म्हणाला, "जुना आणून द्या, हा घेऊन जा. वरचे थोडे द्या. पण शनिवारपर्यंतच हां!" मी घरी पोचेपर्यंत बसमध्ये दोन्ही खांदे सारखे ठेवून बसायचा सराव करत होतो.

चहाच्या वेळी मी घोषणा केली. माझी बायको सुनंदा कोल्हापूरकडची, तिला हो-नाहीच्या मधे काही असतं हे माहीतच नाही. ती म्हणाली, "आवं मग इचारताय काय? घिऊन टाका की! त्यो मोठा गेला तर टेबलावर जेवायला तरी जागा हुईल."

"आणि गंमत म्हणजे," मी (कोणी विचारलं नसताना!) पुढे म्हणालो, "नव्याला सीडीचा कप्पाच नाही. आता सीडी वापरतो कोण?"

बाबांचा कप तोंडाशी थांबला.

"म्हणजे, सीडी घालूंक दारच ना?"

"नाही. पण काळजी नको, मी तुमचं नाटक ह्यात भरून देतो." आणि मी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दाखवला.

बाबांनी तो करंगळीच्या नखाशी धरून पाहिला. उलटा केला. हलवून कानाशी नेला. "हातूंत हांव मावतलों?"

"हो."

"मुकुटासयत?"

"मुकुटासकट, बाबा!"

बाबांनी पेन ड्राइव्ह परत माझ्या हातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "घरांतली व्हडली वस्तू भायर काडची तर देवाक विचारूंक जाय. कौल घेवया."

आमच्याकडे कौल म्हणजे शेवटचा शब्द. देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे म्हैस विकताना कौल घेतलाय, फणस तोडताना घेतलाय. सुनंदाशी लग्न ठरतानाही घेतला होता. (उजवी पडली. देवाचा निर्णय, मी काय बोलणार!)

सुनंदा म्हणाली, "आवं, लॅपटॉपासाठी देवाला कशाला तरास?" पण आईने डोळे वटारले आणि विषय संपला. मला मनातून आनंदच झाला. देव तरी शिकलेल्या माणसाच्या बाजूने असेल ना! इतका विश्वास की शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून खांद्याला लावूनच देवळात गेलो. उजवी पाकळी पडली की तिथूनच म्हापशाची बस! घाईत तो बंदसुद्धा केला नाही, नुसता मिटला आणि पिशवीत कोंबला.

देवळात आमच्या आधीच माणसं बसली होती. कोणाचं लग्न, कोणाची विहीर. देवळाचे भटजी, ज्यांना सगळा गाव भटमाम म्हणतो, त्यांनी विचारलं, "दत्ता, तुजें कितें?"

"लॅपटॉप."

"बाय की बाबो?"

"माणूस नाही हो, यंत्र!" मी समजावून सांगितलं. भटमामांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले, पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो दत्ता तुज्या पायांकडे येवन उबो रवला..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या घरांत एक व्हडलें यंत्र आसा. तें दिवन धाकटें हाडूंचें म्हणता..."

"व्हय म्हाराजा!"

"तें तुज्या मनांत आसल्यार उजवी दी, नासल्यार डावी दी, आनी लेकराचो घोळ सोडय!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

आणि पाकळ्या पडेनात. एक नाही, दुसरी नाही! लग्नवाले चुळबुळ करू लागले. विहीरवाला घड्याळ बघू लागला. म्हापशाची बस देवळावरून हॉर्न वाजवत गेली, ती मी नुसती ऐकली. शेवटी एक म्हातारे काका म्हणाले, "देवाक वस्तू खंयची तें कशें कळटलें? म्हस सुद्दां देवळाफुडें हाडून दाखयताले!"

सगळ्यांना पटलं. मी सभामंडपात पाटावर लॅपटॉप ठेवला, देवाकडे तोंड करून उघडला. आणि लक्षात घ्या, तो बंद केलेला नव्हता. बाबांनी आदल्या संध्याकाळी जिथे थांबवलं होतं तिथूनच तो जागा झाला. आतल्या पंख्याने घरघर केली, सीडीने गिरकी घेतली आणि सबंध देऊळ दणाणलं.

"खबरदार! ह्या राजवाड्यातली एक काडीसुद्धा बाहेर जाणार नाही!"

 मग सवयीने, हात जोडून, अख्ख्या देवळाने उत्तर दिलं.

"व्हय म्हाराजा!"

मीसुद्धा दिलं! काय करणार, तोंडातून निघूनच गेलं. आईने तर डोळ्यांना पदर लावला. त्यांतल्या त्यांत शुद्धीवर होती ती सुनंदा. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "अगोबाई, हे तर मामंजी!"

मग जो हशा उठला तो देवळाच्या घुमटापर्यंत. "अरे, आपलो राजा!" "मुकुट बघ, मुकुट!" सगळे पाटाभोवती गोळा झाले. मी घाईघाईने बंद करायला गेलो तर विहीरवाल्याने माझा हात धरला. "रव रे! आतां प्रधान फितूर जाता!" पंख्याच्या प्लगमधून पंखा काढून लॅपटॉप जोडला गेला. लग्नवाली मंडळी पुढे सरकून बसली. भटमाम आधी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून मान लांब करून बघत होते, मग तेही बाहेर आले आणि मांडी घालून बसले. पडद्यावर राजा धारातीर्थी पडला तेव्हा काही जणांनी नाकं ओढली, आणि संपल्यावर टाळ्या! देवळात, सकाळच्या पारी, कौलाच्या वेळी टाळ्या!

बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांना मी इतकं सरळ उभं राहिलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भटमामा," ते म्हणाले, "ह्या पायांनी हांव आतां नाटकाच्या माटवाच्या पायऱ्यो चडना. हांव राजा आसां तो ह्या पेटयेंतच. त्या धाकट्याक दारच ना. माका भितर वचूंक वाट खंय आसा?"

 इतके दिवस मी खांद्याचंच रडगाणं गात होतो आणि हा माणूस त्याचं राज्य वाचवायला देवापर्यंत आला होता! मी म्हटलं, "बाबा, नाका. दिना हांव तो मोठा दुकानांत. कौल नाका, कांय नाका."

तेवढ्यात भटमामांना कौलाची आठवण झाली. ते धावत गाभाऱ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, "पडल्यो! दोनूय पडल्यो!"

"आधी खंयची?" मी विचारलं.

कोणी पाहिलंच नव्हतं! सगळा गाव, खुद्द भटमामसुद्धा, देवाकडे पाठ करून नाटक बघत बसले होते. भटमामांनी दोन्ही पाकळ्या माझ्या ओंजळीत घातल्या आणि गंभीरपणे निकाल दिला, "दोनूय पडल्यो म्हणजे देव सांगता, दोनूय ठेव."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

देवाची आज्ञा! मोठा तसाच ठेवला, धाकटाही आणला. (सुनंदाला अजून टेबलावर जेवायला जागा झालेली नाही, आणि त्याचा राग ती देवावर नाही, माझ्यावर काढते.) त्यानंतर मात्र वाड्यावाड्यातून बोलावणी येऊ लागली. "राजाक घेवन या!" बाबा मोटारसायकलवर माझ्यामागे ऐटीत बसतात. लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला राजेसाहेब तयार नाहीत, त्यामुळे तो माझ्या खांद्यावर. आणि चुकून ऑफिसचं काम निघालंच तर असावा म्हणून दुसऱ्या खांद्यावर धाकटा.

परवा शिंप्याकडे गेलो होतो. त्याने टेप लावला, मागे होऊन पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "बरें जालें, दत्ताबाब! आतां दोनूय खांदे सारके देंवले!"