लग्नपत्रिकेवरची जमुना

अकोल्यात कलेक्टर कचेरीच्या बाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाची प्रकरणं, सगळं लिहून देतो. सव्वीस वर्षं झाली. लोक मला कडू म्हणतात आणि ते काही खोटं नाही. अर्धवट कागद घेऊन आलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं, आणि माझ्याकडे पुरे कागद घेऊन आजवर कुणी आलेलं नाही. त्यामुळे कुणाची स्तुती करायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. पार्बताबाईंची मात्र करणार आहे, आणि ती ज्याला जास्त वाटेल त्यानं खुशाल वाटू द्यावं.

पातूरच्या अलीकडे एका गावात त्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. नवरा वारल्यापासून मळा त्याच बघतात आणि मुलगा गोवर्धन भाजी अकोल्याला आणतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. सोबत गोवर्धन, सून, आणि सुनेच्या कडेवर तीन वर्षांची नात.

"भाऊ, एक अर्ज लिहा. माही सून इथलीच हाये म्हून."

"नाव?"

"साधना."

"माहेर कुठलं?"

"मीरपूरखास," सून म्हणाली.

"हे कोणत्या तालुक्यात आलं?"

"सिंधमदी, काका. पाकिस्तानात."

मी पेन खाली ठेवला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरगी पंधरा वर्षांची असताना वडिलांबरोबर अकोल्याला नातलगांकडे आली होती. आई आधीच वारलेली. वडिलांनी किराणा दुकानात काम धरलं आणि दोघांसाठी इथे राहण्याचा दीर्घ मुदतीचा परवाना काढला. मुदत संपायला आली की ते स्वतः रांगेत उभे राहून वाढवून घ्यायचे. गोवर्धन त्या दुकानासमोर भाजीची गाडी लावायचा. पुढचं सांगायची गरज नाही. पार्बताबाईंनी मुलगी पाहिली, तिला दोन वेळा जेवू घातलं आणि होकार दिला. गावात लोक कुजबुजले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली हाये. बाकी मले काई समजत नाई."

आणि बाकीचं खरंच समजलं नाही, तिथेच घोळ झाला. पोरीचं नाव जमुना. पण पार्बताबाईंच्या मोठ्या जावेचं नावही जमुना, आणि घरातल्या थोर बाईच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, गोवर्धननं अंगठीनं त्यात 'साधना' लिहिलं, पेढे वाटले. चार दिवसांनी विवाहनोंदणीच्या वेळी ग्रामसेवकानं नाव विचारलं, पार्बताबाईंनी 'साधना' सांगितलं. लग्नापूर्वीच्या नावाच्या रकान्यात रेघ मारली. नातीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव साधना. रेशनकार्डावर साधना.

लग्नानंतर दीड वर्षानं वडील वारले. परवान्याची मुदत त्यांच्या मागोमाग संपली. ती वाढवायला कुणी गेलं नाही, कारण या घराचा ठाम समज होता की लग्न झालं म्हणजे पोरगी आपली झाली, गावाची झाली, देशाची झाली. अशा रीतीनं सरकारी दप्तरात जमुना नावाची एक पाकिस्तानी बाई आत येऊन गडप झाली होती, आणि साधना नावाच्या बाईला लग्नाच्या आधीचा एक दिवससुद्धा नव्हता. त्यात त्या उन्हाळ्यात पाकिस्तानी नागरिकांची तपासणी सुरू झाली. गावात पोलीस येऊन विचारून गेले. परवाना नाही म्हणजे परत पाठवणी, एवढं या तिघांना कळलं होतं. पाठवणी कुणाकडे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडे तिचं कुणी उरलं नव्हतं.

मी त्यांच्यावर खूप ओरडलो. खोटं कशाला बोलू? नात रडायला लागली तेव्हा थांबलो. पार्बताबाई शांतपणे ऐकत होत्या. मी दमल्यावर त्यांनी विचारलं, "झालं तुमचं? आता काय कराचं ते सांगा."

उशिराबद्दल माफी मागून परवान्याचा नवा अर्ज करायचा, हे सोपं होतं. अवघड होतं ते जमुना आणि साधना एकच, हे सिद्ध करणं. परवान्यावर पंधरा वर्षांच्या भेदरलेल्या पोरीचा फोटो, लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या बांधलेली बाई. कचेरीतले परवान्याचं बघणारे साहेब म्हणाले, दोन्ही नावांना जोडणारा त्या वेळचा एखादा कागद आणा.

मधल्या काळात बसस्टँडवर गोवर्धनला एक दलाल भेटला. म्हणाला, कशाला उकरता? साधनाचा इथल्याच एखाद्या गावचा जन्मदाखला बनवून देतो, आईबाप इथलेच दाखवू, जमुनाचं नाव विसरून जा. गोवर्धन घाबरलेला होता, त्याला पटलं. तो मला विचारायला आला तेव्हा पार्बताबाई मागे उभ्या होत्या.

"म्हंजे तिचा बाप कोन लिहशीन?" त्यांनी विचारलं.

"कोणीबी, आई. कागदावर काय फरक पडते?"

"त्या मानसानं आपल्याले पोरगी देल्ली. अन् आपन त्याचं नाव पुसाचं? जमनार नाई. त्या दलालाले सांग, माह्या समोर येऊ नोको म्हना."

मी मान खाली घालून लिहीत राहिलो, पण त्या क्षणी ही बाई मला आवडली. माझ्या टेबलासमोर सव्वीस वर्षांत शिकलेसवरलेले कितीतरी लोक याहून लहान संकटात याहून मोठं खोटं बोलून गेलेत.

मग मलाच सुचलं. लग्नाची पत्रिका! पत्रिका लग्नाच्या आधी छापतात, तिच्यावर मुलीचं माहेरचं नाव असतं. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, सगळं एका कागदावर, आणि नवरा व तारीख नोंदणीतल्या साधनाचीच. पण स्वतःच्या घरच्या लग्नाची पत्रिका स्वतःच्या घरात कधी सापडते का? सापडली नाही. छापखानाही बंद पडलेला.

पार्बताबाई निघाल्या. मळा सुनेवर टाकून, पिशवीत भाकर बांधून, एसटीनं. अकोट झालं, दर्यापूर झालं. ज्या ज्या घरी पत्रिका दिली होती तिथे जाऊन मागायची. लोक हसले. काहींनी तिच्या पाठीवर भाजीचा हिशेब लिहून फेकून दिली होती. एका घरी तर, "त्या पाकिस्तानीच्या भानगडीत आमाले नोका ओढू," म्हणून दारातूनच परत पाठवलं. बाराव्या दिवशी त्या अचलपूरला बहिणीकडे पोचल्या. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती केरात टाकायची नसते, नदीत सोडायची असते. ही बहीण, सुभद्राबाई, फार भाविक आणि त्याहून आळशी. पाचसहा वर्षांच्या पत्रिका देव्हाऱ्यामागे रचून ठेवल्या होत्या, नदीवर जाणं काही झालं नव्हतं. त्या आळसाला माझा नमस्कार. दोघी बहिणींनी अख्खी दुपार ढीग उपसला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईंनी पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. कोपऱ्यांना हळदीकुंकू. 'चि. गोवर्धन' आणि 'चि. सौ. कां. जमुना'. खाली वडिलांचं नाव, मूळ रा. मीरपूरखास, ह. मु. अकोला.

"हे गाव छापू नोका म्हनत होतो आमी," त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हनतीन म्हून. पन तिचा बाप आडून बसला. म्हने, माही पोरगी आभायातून पडली नाई."

सुनावणीच्या आधी मी त्यांना पढवलं. नोंदवहीत खोटं नाव सांगितलंत, ते तुमच्यावर शेकू शकतं, तेव्हा म्हणा, मी अडाणी बाई, मला कळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. आत गेल्यावर साहेबांनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "नोंदणीत साधना कुणी सांगितलं?"

"म्या."

"खरं नाव माहीत नव्हतं?"

"होतं ना. पत्रिकेवर म्याच छापलं." मी कपाळाला हात लावला. "जावेचं नाव तेच म्हून बदललं, साहेब. सातवी शिकेल हाओ मी, अडानी नाई. पोरीले इचारलं नाई, एवढीच चूक झाली. ते माही हाये. जे लिहाचं ते माह्या नावावर लिहा, तिच्या नोका लिहू."

साहेबांनी आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सुनेला एकटीला विचारायचं होतं.

व्हरांड्यातल्या बाकावर पार्बताबाई बसल्या.

"काय विचारत असतील?" मी म्हणालो.

"तिले राहाचं हाये का नाई, हेच ना. आमी सारे मिरवून राहिलो, तिले ठेवतो, तिले ठेवतो. तिले कोनी इचारलं? नाव बी नाई इचारलं, भाऊ." मग म्हणाल्या, "नाई म्हनली, तर तिले जिथं जाचं तिथं मीच पोचवून देईन. रडनार नाई तिच्यासमोर."

अर्ध्या तासानं सून बाहेर आली. डोळे लाल. अर्ज शिफारशीसह वर जाईल, एवढंच साहेबांनी सांगितलं. तिला आत काय विचारलं, ती काय बोलली, हे पार्बताबाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

सहा आठवडे गेले. या बाईनं एका घरात, एका चुलीपाशी राहून सहा आठवडे तो प्रश्न तोंडातून काढला नाही. माझ्याच्यानं सहा मिनिटं धरवलं नसतं. परवाना आला त्या दिवशी दोघी माझ्याकडे आल्या. मी मोठ्यानं वाचून दाखवला. नाव जमुना, वडिलांचं नाव, पतीचं नाव, दोन वर्षांची मुदत. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, तेही समजावलं. मग मला राहवलं नाही.

"पोरी, त्या दिवशी आत काय झालं गं?"

जमुनानं सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेबानं इचारलं, तुहा बाप तर गेला, आता हिंदुस्थानात तुहं कोन हाये? मी म्हनलं, बाहीर बाकावर बसून हाये."

पार्बताबाईंनी कागद घडी करून पदराखाली धरला, पिशवी उचलली आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "चाल जमुना. पातूरची गाडी लागली असन."